माझ्याकडील 1929 सालची तपकिरी शिक्क्याची 10 डॉलरची नोट ‘नॅशनल बँक नोट’ आहे का, आणि तिची किंमत किती येईल?

आपण लिहिले आहे की, न्यू जर्सीत घेतलेल्या जुन्या घराच्या माळ्यावर आपल्याला ही नोट सापडली आणि तिच्यावर ‘नॅशनल करन्सी’ असे छापलेले आहे. मात्र तेवढ्यावरून ती नॅशनल बँक नोट, म्हणजे एखाद्या गावच्या बँकेने स्वतःच्या नावाने काढलेली नोट, ठरत नाही, कारण त्याच मालिकेतील फेडरल रिझर्व्ह बँकांच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँक व्यवस्थेतील बँकांच्या नोटांवरही हेच शब्द आणि हाच तपकिरी शिक्का असतो. दोन्ही बाजूंना ठळक काळ्या शाईत ए ते एल यांपैकी अक्षर असेल, तर नोट फेडरल रिझर्व्ह बँकेची. त्या जागी आकडा असेल, तर तो बँकेचा सनद क्रमांक, म्हणजे सरकारने परवान्यासोबत तिला दिलेला क्रमांक, आणि नोट खरोखरच नॅशनल बँकेची. तोच क्रमांक अनुक्रमांकाशेजारी तपकिरी शाईत पुन्हा छापलेला असल्यास ती दुसऱ्या प्रकारची, म्हणजे 1933 ते 1935 या काळात निघालेली नोट समजावी.

किमतीच्या बाबतीत नोटेच्या वयापेक्षा बँक महत्त्वाची. सरकारी रोखे तारण ठेवून 1863 पासून बारा हजारांहून अधिक बँकांनी अशा नोटा काढल्या. मोठ्या शहरातील बँकेच्या वापरलेल्या नोटेला दर्शनी किमतीच्या काही पटच मिळतात. पण ज्या खेड्यातील बँकेच्या दोन-तीनच नोटा उरल्या आहेत, तिची मळकी नोटही अनेकदा हजार डॉलरच्या पुढे जाते. म्हणून त्या बँकेच्या किती नोटा ज्ञात आहेत, हे अशा उरलेल्या नोटांची गणना ठेवणाऱ्या नॅशनल करन्सी फाउंडेशनच्या नोंदींत पाहावे आणि नंतर हेरिटेज ऑक्शन्स या लिलाव कंपनीच्या संग्रहात प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे आकडे शोधावेत. विक्रेत्यांनी मागितलेले भाव प्रमाण मानू नयेत.

एक कळकळीची विनंती: नोट धुऊ नका, तिच्यावर इस्त्री फिरवू नका. मी घेतलेली पहिली नोट करकरीत म्हणून मला विकली गेली होती. घरी येऊन विजेरीचा झोत तिरपा धरला, तेव्हा मधोमध दाबून सपाट केलेली घडी पुसट रेघेसारखी उमटली आणि कागदावर नको ती चकाकी दिसली. तशा नोटेचा भाव निम्म्यावर येतो, आणि तो परत चढत नाही.

तूर्त नोट पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा. पीव्हीसीचे पाकीट कागद खराब करते. सनद क्रमांक आणि बँकेचे गाव इथे कळवलेत, तर पुढचे मी पाहून सांगेन.