एमजीबीसारखी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार सांभाळणं कितपत जमतं, आणि तिच्यात काय काय अपग्रेड करावं?

तुम्ही लिहिलंय की रेडिंगजवळ १९७० ची एमजीबी रोडस्टर बघून आलात, वायर व्हील्स आहेत, मालक म्हणतो इंजिन एकदम टकाटक, आणि आता नोकरी सांभाळून ही गाडी सांभाळता येईल का आणि घेतल्यावर व्ही८ इंजिन, पाच गिअर वगैरे टाकावं का असं विचारताय. मी इकडे इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये राहतो, त्याच काळातली एमजीबी बरीच वर्षं माझ्याकडे आहे आणि बहुतेक काम घरच्या घरी करतो, म्हणून लिहितोय. जमेल, नक्की जमेल. फक्त इंजिन टकाटक आहे एवढ्यावर भुलू नका, ह्या गाडीत खरे पैसे इंजिन खात नाही, पत्रा खातो.

(भारतातून वाचणाऱ्यांसाठी: हेक्टरवाली एमजी वेगळी, तो ब्रँड आता चिनी कंपनीकडे आहे. ही गाडी ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० बनत होती, बंद छपराची जीटी धरून पाच लाखांच्या वर बनल्या. म्हणूनच आजही हिचा जवळजवळ प्रत्येक पार्ट नवा मिळतो, अख्खी बॉडी शेलसुद्धा मिळते, ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून जुन्याच डायवर (साच्यांवर) बनवतं.)

इंजिनाची भीती तर अजिबात बाळगू नका. १७९८ सीसीचं बी-सिरीज आहे, म्हणजे आपल्या अँबेसिडरमध्ये जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं त्याच खानदानातलं. आमच्या काकांची अँबेसिडर सांगलीला ज्या मेकॅनिककडे जायची तो माणूस माझ्या गाडीचं बॉनेट उघडून एका मिनिटात सगळं ओळखेल. तुम्ही बघताय ती १९७० ची, म्हणजे पाच बेअरिंगचा क्रँक (१९६४ च्या शेवटापर्यंत तीन बेअरिंगचा यायचा), चारही गिअरना सिंक्रो (गिअर न खरखरता पडतो), निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला), डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर. चांगलं वर्ष आहे.

आता पत्रा. ह्या गाडीला वेगळी चॅसी नाही आणि रोडस्टर असल्यामुळे वर छप्परही नाही, म्हणजे सगळी ताकद दाराखालच्या सिल्समध्ये. सिल बाहेरून एक पट्टी दिसते पण आत तीन थर आहेत, आणि गंज आतून येतो. परत बघायला जाल तेव्हा एक छोटं मॅग्नेट न्या, दुकानातून आणलेलं फ्रिजचं चालेल, पातळ कापडात गुंडाळा आणि पुढच्या मडगार्डचा चाकामागचा खालचा भाग, मग सिल, मग मागच्या चाकाच्या पुढचा कोपरा असं हळूहळू फिरवत जा, जिथे ते पकड सोडेल तिथे रंगाखाली पुट्टी आहे असं समजा. नंतर मालकाला विचारून जॅक त्याच्या ठरलेल्या जागी सिलखाली लावा, चाक उचला आणि दार उघडबंद करून बघा. दार घासायला लागलं किंवा दाराची वरची फट डोळ्यादेखत बारीक झाली तर गाडी मधून वाकतेय, तिथेच नमस्कार करून निघा. मालक जॅक लावू देत नसेल तर उत्तर मिळालंच. आणि सिल "आत्ताच बदललेत" असं सांगितलं तर वेल्डिंग करताना दाराच्या चौकटीत आडवा सपोर्ट लावला होता का हे विचारा, तो न लावता सिल कापले की बॉडी बसते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. काम चालू असतानाचे फोटो मागा. ज्याने नीट काम केलंय तो फोटो दाखवायला उतावीळ असतो.

मेंटेनन्सचं म्हणाल तर आधुनिक गाडीसारखं वर्षातून एकदा सर्व्हिसला टाकली आणि विसरलो असं इथे नाही. थोडं थोडं पण सतत. किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला, प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल आहेत, हँडबुकात ३,००० मैलांना लिहिलंय पण आपण एवढी चालवत नाही म्हणून मी सीझनला करतो. पुढची चाकं उचलून ग्रीस गन मारायची, कारण चाकावर वजन असताना ग्रीस जिथे पोचायला हवं तिथे पोचत नाही, आणि आतलं जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन त्यामागे नवीन स्वच्छ दिसेपर्यंत मारत राहायचं. वायर व्हील हबच्या ज्या दात्यांवर बसतं त्या स्प्लाइन्सनाही ग्रीस हवं. चाक काढाल तेव्हा हबचे दाते बघा, माथा सपाट असेल तर ठीक, टोकदार झाले असतील तर हब आणि चाक दोन्ही संपलेत, आणि गाडी पुढेमागे घेताना मागून टक् असा आवाज येतो तो बऱ्याचदा ह्याचाच.

ऑइल २०डब्ल्यू५०, तेही जुन्या इंजिनासाठीचं, ज्यात झिंक भरपूर असतं. १९७० च्या गिअरबॉक्समध्येही हेच ऑइल जातं आणि ओव्हरड्राइव्ह (वरच्या गिअरमध्ये आरपीएम खाली आणणारा गिअरबॉक्सचा जोडभाग) असेल तर तोही ह्याच ऑइलवर चालतो, त्यात गिअर ऑइल ओतू नका. इंजिन तापल्यावर पळताना ऑइल प्रेशर ५० ते ८० पीएसआयमध्ये असलं की निवांत झोपा.

टॅपेटचा गॅप थंड इंजिनावर १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिमी. नऊचा हिशोब लक्षात ठेवा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिल्याचा गॅप मोजायचा, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसऱ्याचा, बेरीज कायम नऊ. दर वेळी एक्झॉस्टचा गॅप कमी कमी होत चाललेला दिसला तर व्हॉल्व्ह सीट आत जातेय, म्हणजे हेड अजून लेडवाल्या पेट्रोलच्या काळातलंच आहे (इथे ते २००० पासून बंद झालं). मग हार्ड सीट बसवून घ्या, तोवर ॲडिटिव्ह वापरा.

एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर बघून लोक घाबरतात, उगाच. एअर क्लीनर काढा, रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरा, दोन्हीकडचा फुसफुस आवाज सारखा येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवा. हवा सारखी झाली की मिक्स्चर. खालच्या पिनने कार्ब्युरेटरमधला पिस्टन अगदी मिलिमीटरभर उचलायचा, आरपीएम किंचित चढून परत जागेवर आले तर बरोबर, चढून तसेच राहिले तर पेट्रोल जास्त, इंजिन धडपडून पडायला लागलं तर कमी. जेटचा नट एका वेळी एक बाजूच फिरवा, जास्त नाही. डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरच्या वरच्या नळीत) पातळ ऑइल आहे का तेही बघा, ते आटलं की ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते आणि लोक बिचाऱ्या इग्निशनच्या मागे लागतात. रविवारी सकाळी ह्या कामात जो वेळ जातो त्याचा मला तरी कंटाळा येत नाही, तुम्हाला येणार असेल तर मात्र ही गाडी घेऊच नका, आजच सांगतो.

क्लचबद्दल एकच. रिलीज बेअरिंग कार्बनचं आहे, सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची आपली मुंबई-पुण्याची सवय इथे महाग पडते, कारण क्लच बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं. न्यूट्रल करा, पाय काढा.

पाने एएफ, म्हणजे इंचातल्या मापाचे घ्या. १३ चा मेट्रिक पाना अर्धा इंचाच्या नटाला बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतो.

आता अपग्रेड. माझं मत सरळ आहे, आधी अशा गोष्टी करा ज्यांनी गाडी दर वेळी स्टार्ट होईल, थांबेल आणि रात्री दिसेल, पळण्याचं नंतर बघू. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हे पहिलं, स्वस्त आहे आणि बाहेरून काही दिसतही नाही. जुने पॉइंट आणि कंडेन्सर मात्र डिकीत ठेवा, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जातं तेव्हा न सांगता जातं. मग पेट्रोलचे पाइप. २०२१ पासून इथल्या पंपावर साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं) आहे, ते जुनं रबर खातं, त्यामुळे सगळे होज आर९ मार्कचे (इथेनॉल सोसणारे) घाला आणि भरताना सुपरवालं ई५ भरा. गरम इंजिनावर पेट्रोल गळणं हा गंमतीचा विषय नाही.

तिसरं लाइट. हेडलाइटचा सगळा करंट डॅशच्या स्विचमधून जातो, रिले नाही, फ्यूजही नाही. फ्यूजसकट रिले टाकले की त्याच बल्बचा उजेड वाढलेला लगेच कळतो. लुकास कंपनीच्या, म्हणजे ह्या गाडीतल्या, इलेक्ट्रिकल्सवर लोक भरपूर विनोद करतात, पण माझ्या अनुभवात दहातले नऊ प्रॉब्लेम हिरवट पडलेले बुलेट कनेक्टर आणि खराब अर्थिंग एवढेच निघतात, वायर ब्रश आणि दुपार, झालं. सीटमागे फळीखाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील तर काढून बारा व्होल्टची एकच टाका, आणि तेव्हाच बॅटरीचा ट्रे नीट बघून घ्या, ॲसिड आणि पाण्याने तो हमखास सडलेला असतो.

ब्रेक इंग्लंडातल्या त्या वर्षीच्या गाडीला सिंगल सर्किट आहेत, म्हणजे एक होज फुटला की पेडल सरळ खाली. म्हणून होज नवे, फ्लुइड दोन वर्षांनी नवीन, कॅलिपर मोकळे. सर्व्होने (ब्रेक बूस्टरने) पाय कमी दुखतो, गाडी लवकर थांबत नाही, तेव्हा सर्व्हो घालून ब्रेक "अपग्रेड" झाले असं समजू नका. सस्पेन्शनमध्ये पुढच्या लिव्हर-आर्म डॅम्परचा (जुन्या पद्धतीच्या शॉक ॲब्सॉर्बरचा) हातच वरचा विशबोन आहे, त्यामुळे तिथे टेलिस्कोपिक बसवणं वाटतं तितकं साधं नाही. चांगले रीबिल्ड केलेले बसवा आणि झिजलेले रबर बुश बदला, गाडी वेगळीच वाटेल.

पाच गिअर? आधी ओव्हरड्राइव्ह आहे का बघा. नसेल तर मोटरवेवर ७० मैलांना इंजिन ३,९०० आरपीएमच्या आसपास ओरडत असतं, ओव्हरड्राइव्हमध्ये तेच ३,२०० ला येतं. तो लागत नसेल तर लगेच गिअरबॉक्स उतरवू नका, बऱ्याच वेळा सोलेनॉइड, गिअरबॉक्सवरचा स्विच किंवा कमी ऑइल एवढंच असतं. अजिबातच नसेल तर फोर्ड किंवा माझदाच्या पाच गिअरचं किट मिळतं, लांबचं ड्रायव्हिंग असेल तर पैसे वसूल.

व्ही८ मात्र नको. कंपनीने स्वतः १९७३ ते १९७६ मध्ये रोव्हरचं साडेतीन लिटरचं इंजिन घालून बनवली, फक्त जीटी, २,५९१ गाड्या. इंजिन ॲल्युमिनियमचं असल्यामुळे वजनाचा प्रश्न नाही, पण तुमच्या रोडस्टरमध्ये बसवायचं तर बॉनेटखालच्या इंजिनाच्या जागेत कापाकापी, मग ब्रेक, कूलिंग, मागचा ॲक्सल, सगळं ओघाने आलं. शिवाय चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स आणि एमओटीची (दर वर्षीच्या सरकारी तपासणीची) जी सूट आहे, त्यातल्या एमओटीच्या सवलतीत गाडीत मोठे बदल झालेत का हे बघतात, सिलेंडरची संख्या बदलली तर गोष्ट तिथे अडू शकते, सरकारी नियम आधी वाचून घ्या. (सूट असली तरी मी दर वर्षी एमओटी करून घेतो, गाडीखाली तिसऱ्या माणसाची नजर पडते ते बरं असतं.) ताकद हवीच असेल तर हेडचं चांगलं काम आणि एक्झॉस्ट, एवढ्यात ही गाडी खुश होते.

आणि जे काढाल ते फेकू नका. जुना डिस्ट्रिब्युटर, सहा व्होल्टचे बॅटरी क्लॅम्प, काहीही, डब्यात भरून वर नाव लिहून माळ्यावर टाका, विकायची वेळ आली तर घेणारा त्या डब्याचे वेगळे पैसे देतो. मॅग्नेट फिरवून झालं की सिलचं काय निघालं ते खाली कमेंटमध्ये टाका, बघून किंमतीचं सांगतो.