शिक्षा संपली तरी आतच : भरपाई कशी मागायची?

प्रश्न : भावाला 2 वर्षांची सक्तमजुरी आणि 5,000 रुपये दंड झाला. दंड लगेच भरला. खटला चालू असताना तो 9 जानेवारी ते 20 ऑगस्ट आत होता. ते दिवस वजा न करता त्याला पूर्ण 2 वर्षांनी सोडलं. सुटून 4 महिने झालेत. आता काही करता येईल का?

उत्तर : येईल, पण आधी दिवस मोजा. दोन्ही टोकं धरून ते 224 भरतात (मधला फेब्रुवारी 29 दिवसांचा असेल तर 225). भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 468 नुसार, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 428 नुसार, त्याच खटल्यातली कच्ची कैद (निकालाआधी आत काढलेले दिवस) शिक्षेतून वजा व्हायला हवी. दुसऱ्या गुन्ह्यातली होत नाही. दंड न भरल्याबद्दल भोगायच्या कैदेतूनही ही वजावट मिळत नाही. त्यामुळे दंडाची पावती जपून ठेवा. ती नसेल तर सरकारी वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल. भावाला तुरुंगात माफीचे दिवस (तुरुंगाने शिक्षेतून कमी केलेले दिवस) मिळाले असतील, तर जादा दिवस याहून जास्त निघतील.

घोळ बहुधा वॉरंटवर, म्हणजे न्यायालय शिक्षेसाठी तुरुंगाला पाठवतं त्या आदेशावर होतो. निकालपत्रात वजावट लिहिलेली असते, पण शिक्षेच्या वॉरंटवर तो रकाना कोराच राहतो आणि तुरुंग तारीख काढतो ती वॉरंटवरून. कच्ची कैद एका तुरुंगात आणि शिक्षा दुसऱ्या तुरुंगात भोगली असेल तर जुनी नोंद पोचतच नाही.

म्हणून न्यायालयाच्या नक्कल विभागातून निकालपत्र, वॉरंट आणि रिमांडच्या आदेशांच्या प्रमाणित प्रती काढा. दोन्ही तुरुंगांकडे माहिती अधिकारात अर्ज करून दाखल झाल्याची तारीख, सुटल्याची तारीख, माफीचे दिवस आणि सुटकेची तारीख कशी काढली तो हिशेब मागा. उत्तराची मुदत 30 दिवस. (माणूस अजून आत असेल तर 48 तास, अर्जात ‘व्यक्तीच्या स्वातंत्र्याशी संबंधित’ असं ठळक लिहा.) हा खटाटोप चुकवू नका. तारखांवरच वाद असला तर उच्च न्यायालय ‘दिवाणी न्यायालयात जा’ म्हणू शकतं; तुरुंगाच्याच कागदावर तारखा असल्या की वादाला जागा उरत नाही.

मग संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट, म्हणजे मूलभूत हक्क डावलल्याबद्दलची याचिका. 1983 मध्ये रुदुल साह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सुटूनही 14 वर्षं आत राहिलेल्या माणसाला आधीच्या 5,000 वर आणखी 30,000 रुपये देवविले आणि दिवाणी दाव्याची वाट मोकळी ठेवली. 2022 मध्ये छत्तीसगडच्या एका कैद्याला, 7 वर्षांच्या शिक्षेवर 10 वर्षांहून अधिक काळ ठेवल्याबद्दल, साडेसात लाख मिळाले. दिवसाला अमुक इतके, असा दर मात्र कुठेही ठरलेला नाही. बुडालेली मजुरी, गेलेली नोकरी हे कागदांनिशी मांडा.

दिवाणी दावा करायचा तर मुदत सुटकेपासून फक्त 1 वर्ष. त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची 2 महिन्यांची नोटीस शासनाच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ते 2 महिने मुदतीत धरत नाहीत. नोटीस नसेल तर दावा तिथेच अडकतो. मानवी हक्क आयोगाकडेही 1 वर्षाच्या आतच जावं लागतं. तिथे वकील लागत नाही, पण आयोग शिफारस करतो, हुकूम नाही. आणि न्यायालयात प्रकरण चालू असेल तर तो हात घालत नाही. आमच्या मते तुमच्यासाठी रिट बरी. तिला ठरलेली मुदत नाही, तरी उशीर झाला तर त्याचा जाब द्यावा लागतो.

प्रश्न : जामीन मंजूर होऊन 8 दिवस झाले, मुलगा अजून आतच. काय करू?

उत्तर : भरपाईचं नंतर बघू. जामीनदार आणि बंधपत्र पूर्ण झालंय का, दुसऱ्या गुन्ह्यात तो हवा आहे का, हे आधी पाहा. दोन्हीत अडचण नसेल तर आदेशावरचं नाव, गुन्हा क्रमांक आणि कलमं तुरुंगातल्या नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. उत्तर प्रदेशात एकाचा आदेश एका उपकलमाच्या उल्लेखाअभावी अडकला. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला 5 लाखांची अंतरिम भरपाई दिली. आजच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात (मोफत कायदेशीर मदत इथे मिळते) जा किंवा 15100 वर फोन करा. जामीन मिळूनही 7 दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2023 चा आदेश आहे. कळवलंय का, ते लेखी विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.