पेटी बंद, बाबा गप्प

प्रश्न : माझे वडील गिरणी कामगार. १९८२च्या संपात चूल पेटायची पंचाईत होती, तेव्हाही ते रात्री भजनी मंडळात पेटीला (हार्मोनियमला) बसायचे. आई गेल्यापासून मात्र पेटी पलंगाखाली आहे. ती दुरुस्त करून अचानक समोर ठेवावी का? की नुसती गाणी लावून द्यावीत?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : गुपचूप दुरुस्ती नको. तयार पेटी समोर आली की ‘वाजवा आता’ असा तगादा वाटतो. ती त्यांच्यासमोरच उघडा आणि विचारा, ‘बाबा, हा सूर का घरघरतोय?’ सांत्वन नको असलेला माणूसही जाणकार म्हणून पुढे सरकतो.

आधी भाता. समोरच्या सगळ्या खुंट्या बंद करून, एकही पट्टी न दाबता भाता मारा. दोन-चार वेळात तो जड व्हायला हवा. हलकाच राहिला तर बहुधा घडीच्या कोपऱ्यातून हवा जातेय. हे काम कारागिराचं. चिकटपट्टी लावलीत तर घडी हलताच सुटेल. सूर घरघरत किंवा उमटत नसेल तर बहुतेक वेळा रीडच्या पितळी जिभेखाली धूळ असते. मऊ, कोरडा ब्रश फिरवा, पातळ कागद अलगद ओढून काढा. तेल थेंबभरही नको, त्यावर धूळ बसते. कानस तर नकोच : जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टी अडकते. तेव्हा पेटी पंख्याखाली उघडी ठेवा. उन्हात ठेवलीत तर फळी तडकते.

खरी अडचण पुढेच आहे. भजनातले बुवा काळी चारला, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून गातात, आणि गाणं सुटलेल्या, उतरत्या वयातल्या गळ्याला ते झेपत नाही. पहिल्याच चढात आवाज फाटला की पेटी परत पलंगाखाली! म्हणून काळी तीन धरायला सांगा, म्हणजे पूर्ण एक स्वर खाली. तरीही ओढाताण झाली तर पांढरी चार. बोटं सवयीने जुन्या पट्टीकडे धावतील, धावू द्या.

गाणी लावायला हरकत नाही, पण गाण्याची सर ऐकण्याला नाही. ओळ पुरी करायला श्वास लांब सोडावा लागतो, त्याने जीव जरा थाऱ्यावर येतो. शिवाय टाळ धरायला दुसरं कुणी लागतं. ते तुम्ही व्हा, नाहीतर मंडळातल्या जुन्या सोबत्याला बोलवा. पंधरा मिनिटं पुरेत. रूपाच्या अभंगाने, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणाऱ्या अभंगाने, सुरुवात करा. आईंच्या आवडीची गौळण तुम्ही सुचवू नका, ती त्यांची ते काढतील. रडू आलं तर घाईने विषय बदलू नका.

झोप-जेवण दोन आठवड्यांहून अधिक बिघडलं असेल किंवा जगणं नकोसं झाल्याची भाषा निघत असेल, तर मात्र पेटीवर विसंबू नका. परळच्या केईएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : दहा बाय बाराच्या खोलीत भजन केलं की शेजारी कुरकुरतात. काय करावं?
– एक वाचक, काळाचौकी

उत्तर : पेटीची एकच खुंटी उघडा आणि खाली घोंगडी घाला. भिंतीपलीकडे जास्त टोचतो तो टाळ. त्याऐवजी मांडीवर ताल धरा. रात्री दहाच्या आत उरका, आणि एकादशीला शेजाऱ्यांनाही बोलवा.