वाचकांचे प्रश्न : फ्रीज ड्रायर बदलला, मग डिजिटल ट्विनमध्ये काय बदलायचं?

प्रश्न : प्रयोगशाळेतल्या फ्रीज ड्रायरचा (औषधाचं द्रावण गोठवून त्यातला बर्फ कमी दाबाखाली थेट वाफ करून उडवणारं यंत्र) डिजिटल ट्विन, म्हणजे संगणकातलं गणिती मॉडेल, तिथल्या बॅचशी उत्तम जुळत होता. त्यानेच सुचवलेली रेसिपी (तापमान, दाब आणि वेळ यांचा क्रम) प्लांटच्या मोठ्या ड्रायरवर चालवली, तर शेल्फच्या मधल्या भागातल्या व्हायल्समध्ये (काचेच्या छोट्या बाटल्या) केक, म्हणजे सुकलेल्या औषधाची वडी, तळाशी वितळलेला निघाला. मॉडेल चुकलं का?

उत्तर : समीकरणं बहुधा बरोबरच आहेत, पण त्यांत भरलेले आकडे जुन्या मशीनचे आहेत. टेक ट्रान्सफरमध्ये, म्हणजे प्रक्रिया एका जागेहून दुसरीकडे नेताना, ट्विनच्या आकड्यांच्या दोन वह्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. औषधाच्या वहीत कोलॅप्सचं तापमान (ज्याच्या वर केक ढासळतो), घन पदार्थाचं प्रमाण, भरणीची उंची येते. मशीनच्या वहीत शेल्फकडून व्हायलला किती उष्णता पोचते, शेल्फ किती वेगाने तापतो, कंडेन्सरकडे (वाफ पुन्हा गोठवून पकडणारा भाग) जाणाऱ्या नळीतून जास्तीत जास्त किती वाफ जाऊ शकते, हे सगळं. पहिली वही औषधासोबत जाते. दुसरी नव्या जागी कोऱ्या पानापासून लिहायची असते.

तुमच्याकडे काय झालं असेल ते साध्या हिशेबाने पाहा. शेल्फवर १० बाय १० अशा १०० व्हायल्स असतील, तर कडेच्या ओळींत ३६ येतात. ४० बाय ५० अशा २,००० व्हायल्समध्ये कडेला फक्त १७६, म्हणजे ९ टक्क्यांहून कमी. कडेच्या व्हायल्सना भिंतींकडूनही उष्णता मिळते, त्या लवकर सुकतात. प्रयोगशाळेतली सरासरी त्यांनी फुगवलेली असते. तीच वेळ प्लांटमध्ये लावली, की मधल्या व्हायल्समध्ये बर्फ शिल्लक असतानाच शेल्फचं तापमान दुसऱ्या टप्प्याकडे (बर्फ गेल्यावर उरलेला ओलावा काढण्याचा टप्पा) चढू लागतं आणि केक खालून वितळतो.

आणखी एक आकडा औषधाचा वाटतो, पण जागेप्रमाणे बदलतो : सुकलेल्या थराचा वाफेला होणारा रोध. निर्जंतुक क्लीनरूममध्ये धुळीचे कण जवळजवळ नसतात, त्यामुळे द्रावण जास्त खाली थंड होऊन मग गोठतं. बर्फाचे स्फटिक बारीक होतात, ते उडून गेल्यावर राहणारी छिद्रंही बारीक. रोध वाढतो, वाळणं लांबतं, आणि वाफ कमी सुटल्यामुळे औषधाचं तापमानही वर सरकतं. म्हणून कोलॅप्सच्या तापमानाखाली २–३ अंशांची मोकळीक ठेवतात. ट्विनला रोधाचा एकच आकडा न देता किमान ते कमाल असा पट्टा द्या आणि रेसिपी दोन्ही टोकांना चालवून बघा.

प्रश्न : मशीनची वही प्लांटमध्ये कशी भरायची? औषध वाया घालवणं परवडणार नाही.

उत्तर : औषध लागतच नाही, पाण्यावर होतं. समजा व्हायलचा बाहेरचा व्यास २४ मिमी आहे. प्रत्येकीत ५ मिली पाणी भरा. कोपरा, कड आणि मध्य अशा जागांवरच्या व्हायल्सना नंबर देऊन आधी वजन करा. शेल्फ मात्र पूर्ण भरा. अर्धा ठेवला तर रिकाम्या बाजूच्या व्हायल्सही कडेच्या होतात. गोठवून १३.३ पास्कल दाब आणि शेल्फ उणे ५ अंशांवर ४ तास ठेवा, मग थांबवून पुन्हा वजन करा. समजा १ ग्रॅम घट आली आणि तळाशी बर्फ उणे ३५ अंशांवर होता. १ ग्रॅम बर्फ थेट वाफ व्हायला सुमारे २,८४० ज्यूल लागतात. त्याला तळाचं क्षेत्रफळ ४.५२ चौ. सेमी, तापमानातला फरक ३० अंश आणि १४,४०० सेकंद यांनी भागलं, की दर चौरस मीटरला, दर अंशाला साधारण १४.५ वॅट हा उष्णता-गुणांक मिळतो. ६.७ आणि २६.७ पास्कललाही हेच करा, कारण विरळ वायूतून पोचणारी उष्णता दाबावर अवलंबून असते.

घट पाव भागाच्या आसपास असतानाच थांबवणं महत्त्वाचं. जास्त बर्फ गेला, तर त्याचा तळाशी असलेला स्पर्श बदलतो आणि आकडा खोटा येतो.

ट्विन जुळवायला तापमानाची तार घातलेल्या व्हायल्सवर विसंबू नका. तारेमुळे द्रावण लवकर गोठतं, स्फटिक मोठे होतात आणि ती व्हायल इतरांआधी सुकते. त्यातून प्लांटमध्ये तार बहुतेक वेळा दाराजवळच्या ओळीतच लावता येते. वाळणं संपलं का हे ओळखायला दाब मोजणारे दोन गेज, पिरानी (ज्याचा आकडा वायूच्या प्रकारानुसार बदलतो) आणि कपॅसिटन्स (ज्याचा बदलत नाही), यांची तुलना अधिक भरवशाची. पाण्याच्या वाफेत पिरानी सुमारे ६० टक्के जास्त दाखवतो. वाफ संपत आली की तो खाली येऊन कपॅसिटन्स गेजच्या आकड्याला मिळतो.

प्रश्न : ट्विन चांगला जुळला, तर व्हॅलिडेशनच्या (प्रक्रिया दर वेळी नीट चालते हे सिद्ध करणाऱ्या) बॅच कमी करता येतील का?

उत्तर : ट्विनमुळे प्रयोगाच्या बॅच नक्की वाचतात. व्यावसायिक मशीनवरच्या व्हॅलिडेशनच्या बॅच मात्र घ्याव्याच लागतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत त्यांचा ठरावीक आकडा नाही. घेतलेल्या बॅच पुरेशा का आहेत, ते उत्पादकाने पटवून द्यायचं असतं. तिथे ट्विनचं भाकीत पुराव्याला जोड देतं. त्यासाठी बॅच सुरू होण्याआधीच भाकीत लिहून, तारीख घालून ठेवा. नंतर आकडे फिरवून जुळवलेला आलेख तपासनिसापुढे टिकत नाही.

प्रश्न : फ्लुइड बेड ड्रायरलाही (जाळीखालून गरम हवा सोडून दाणे सुकवणारं यंत्र) हेच लागू?

उत्तर : हो. तिथे हवेचा प्रवाह जाळीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढवा आणि आत येणाऱ्या हवेचा दवबिंदू ट्विनला जरूर द्या. नुसतं तापमान दिलं, तर दमट हवेच्या दिवसांत भाकीत आणि प्रत्यक्ष ओलावा यांचा मेळ बसणार नाही.