वाचकांचे प्रश्न : ‘किती मारले?’

प्रश्न : माझे थोरले बंधू १९९९ च्या कारगिल युद्धात लढले. आता ते दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी शेती करतात. यंदा २६ जुलैला शाळेत सत्कार असताना एका मुलाने ‘काका, तुम्ही किती शत्रू मारले?’ असे विचारले, तेव्हा ते काही न बोलता वावरात निघून गेले. रानडुकरे हाकलायला कोणी फटाका फोडला की ते रात्रभर जागतात. देशासाठी केलेल्या कामाचे त्यांना ओझे का वाटावे?

उत्तर : फटाक्याने जागणे आणि प्रश्नाने उठून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फटाक्याने दचकणारे शरीर जुना धोका अजून विसरलेले नसते. १९८० साली अमेरिकी मनोविकार संघटनेने आपल्या वर्गीकरणात घेतलेल्या आघातोत्तर तणावविकाराचे हे एक लक्षण असू शकते. मुलाचा प्रश्न मात्र भीतीच्या नव्हे, सदसद्विवेकाच्या जागी लागला असावा. आपल्या हातून घडलेले मनाला टोचत राहते, त्या दुखण्याला अभ्यासक नैतिक जखम म्हणतात. चांदमारीत माणसाच्या आकृतीचे, अचानक उभे राहणारे लक्ष्य वापरतात ते याचसाठी, की प्रत्यक्ष चकमकीत विचाराआधी हात चालावा आणि शेजारचा सोबती वाचावा. हा सराव गोळी झाडेपर्यंत साथ देतो. समोर पडलेल्या माणसाचा चेहरा पुढे वर्षानुवर्षे आठवत राहिला, तर त्यावर या सरावाकडे उपाय नसतो.

माणूस मुळात मारूच शकत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. दुसऱ्या महायुद्धातील बहुतेक सैनिक गोळीच झाडत नसत, असे अमेरिकी लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांनी १९४७ मध्ये लिहिले, पण त्यांच्या आकड्यांवर पुढे गंभीर आक्षेप आले. कोणाला त्या क्षणी आनंदही होतो आणि नंतर त्या आनंदाचीच लाज वाटते. कोणाला आयुष्यभर काहीच टोचत नाही, आणि तेवढ्याने तो क्रूर ठरत नाही. आपले कर्तव्य योग्यच होते असे मानणाऱ्यालाही दुःख होऊ शकते, म्हणून ‘देशासाठीच केले ना’ ही समजूत त्यांना पुरत नसावी.

आकडा घरातही कोणी विचारू नये, आणि पुढच्या सत्काराआधी गुरुजींना तसे सांगून ठेवावे. जागलीला एखाद्या रात्री तुम्ही त्यांच्यासोबत जा. ते बोलले तर ऐका, गप्प राहिले तर गप्प बसा. झोप सतत उडत असेल किंवा दारू वाढली असेल, तर जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली, तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, निःशुल्क बोलता येते. पहिला फोन तुम्हीच केला तरी चालेल.