डेंटलच्या विद्यार्थ्यांनी तोंडाच्या कॅन्सरचा ऑनलाइन कोर्स करावा का?

हो, नक्की करा. फक्त कोर्स निवडताना त्यात फोटो किती आणि कसे आहेत ते आधी पाहा. ल्युकोप्लाकियाचा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारा, पांढरा चट्टा बहुतेकांना ओळखता येतो. एरिथ्रोप्लाकियाचा मखमली लाल चट्टा मात्र साधी सूज समजून सोडून दिला जातो, आणि कॅन्सरचा जास्त धोका त्यातच असतो. अशा केसेस बायोप्सीच्या (चट्ट्याचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) रिपोर्टसकट दाखवणारा कोर्स खरा उपयोगाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेचं सचित्र डिजिटल मॅन्युअल आहे, माझ्या मते सुरुवात तिथून करावी.

पण स्क्रीनवर बोटांना काही कळत नाही. गॉजने जीभ धरून बाजूला ओढायची, कडा अगदी मागपर्यंत बघायच्या, जिभेखालचा भाग दोन्ही हातांनी चाचपायचा, मानेतल्या गाठी तपासायच्या, हे सगळं ओपीडीत सीनियरसमोर करूनच अंगवळणी पडतं. कोर्स चालू असतानाच रोज एका तरी पेशंटचं असं पूर्ण तोंड तपासा.

आणि टोचणारा दात घासून दिल्यावरही दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर मलमं बदलत बसू नका, बायोप्सीसाठी पाठवा. पेशंट तंबाखू खात नाही म्हणून तर अजिबात थांबू नका.