लाकडात छोटी नक्षी जडवताना कडेला फट राहते, ती कशी टाळायची?

बहुतेक जण आधी खाच कोरतात आणि मग तिच्यात बसेल असा तुकडा घडवायला जातात. फट तिथेच पडते. क्रम उलटा ठेवा. पान, फूल, जे काही असेल ते आधी कापून कानशीने कडा साफ करा. तो तुकडा लाकडावर थेंबभर गोंदाने तात्पुरता चिकटवा आणि भोवती धारदार सुरीच्या टोकाने रेघ मारा. पेन्सिल नको, तिच्या रेघेची जाडीच फट होऊन बसते. मग तुकडा काढून पटाशीने आतून कोरत रेघेपर्यंत या. तुकडा ३ मिमी जाड असेल तर खाच २.५ मिमी पुरे; वर राहिलेलं नंतर घासून सपाट होतं.

तुकड्याची खालची कड किंचित तिरकी घासा, म्हणजे तो पाचरीसारखा घट्ट बसतो. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

लाकडात लाकूड असेल तर पांढरा गोंद चालतो, पितळ किंवा शिंपल्याला इपॉक्सी लावा. (शिंपला घासताना मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसांना वाईट.) गोंद पूर्ण वाळल्याशिवाय घासायची घाई करू नका: ओलाव्याने फुगलेलं लाकूड नंतर आकसतं आणि घासलेली जागा खोलगट होते.